हाफ तिकीट आणि दूधबिल

मी एका पतसंस्थेत हिशेब लिहिते. कुठलीही गोष्ट समोर आली की पैसा कुठल्या खात्यातून निघाला आणि कुठल्या खात्याला पडला हे मला आधी दिसतं, त्याला इलाज नाही. त्यामुळे नवऱ्याविरुद्ध कौटुंबिक हिंसाचाराची केस लढले त्याबद्दल लिहायला बसलेय खरी, पण यात रडणं कमी आणि जमाखर्च जास्त असणार. मार कसा आणि किती बसला ते लिहिणार नाही. ज्यांना माहीत आहे त्यांना माहीत आहे. या कामासाठी सरकार पैसे बाजूला ठेवतं, ते कुठे कुठे ठेवलेत आणि आपल्यापर्यंत येईस्तोवर त्यांचं काय होतं, हे मात्र फारसं कुणी सांगत नाही. मलाही एकेका दारात उभं राहिल्यावर कळत गेलं.

सासर दुधाचं. गोठ्यात म्हशी, दारात टेम्पो, गावातल्या दूध संस्थेत नवऱ्याच्या नावाचं खातं. लिटर, फॅट, एसएनएफ (म्हणजे फॅट सोडून दुधातले बाकीचे घन घटक), दर, दर दहा दिवसांचं बिल, दिवाळीला मिळणारा फरक (वर्षभराच्या दुधावर संस्था शेवटी देते ती वरची रक्कम), सगळं वहीत मी लिहायचे. शेवटच्या दोन म्हशी घेतल्या त्या माझ्या नावावरच्या कर्जातून. हप्ता माझ्या पगारातून कापला जायचा, बिल त्याच्या खात्यावर जमा व्हायचं आणि माझं एटीएम कार्ड त्याच्या पाकिटात असायचं. दुसऱ्या कुणाच्या खातेवहीत हा प्रकार दिसला असता तर मी पहिल्याच पानावर लाल खूण केली असती. घरच्या वहीला आपण तसं लावत नाही.

त्या रात्री मला ग्रामीण रुग्णालयात नेलं ते सासूबाईंनीच. केसपेपरचे पैसे द्यायला पर्स उघडली तर सिस्टर म्हणाल्या, "राहू दे, आता घेत नाहीत." १५ ऑगस्ट २०२३ पासून राज्याच्या आरोग्य खात्याच्या दवाखान्यांत तपासणी, उपचार, केसपेपर सगळं मोफत झालंय, हे मला तिथे कळलं. डॉक्टर तरुण होते, नुकतेच शिकून आलेले असावेत. "कशानं लागलं?" असं विचारल्याबरोबर सासूबाईंनी उत्तर दिलं, गोठ्यात शेणावरून पाय घसरला. डॉक्टरांनी मान हलवली, लिहिलं मात्र काही नाही. थोड्या वेळानं म्हणाले, "आजी, तुमचंही बीपी बघून घेऊ, बाहेर सिस्टरकडे बसा जरा." त्या गेल्यावर दार लोटून घेतलं आणि तोच प्रश्न परत विचारला. मी खरं सांगितलं. त्यांनी माझ्याच शब्दांत लिहून घेतलं, कुठे किती सूज, कुठे वळ, कुठला जुना नि कुठला नवा, आणि एमएलसी, म्हणजे पोलिसांना कळवायची वैद्यकीय नोंद, केली.

पुढे कोर्टात माझ्याकडच्या सगळ्या कागदांत हा एक कागद सगळ्यात जड ठरला. बाईला एकटीला बाजूला घेऊन विचारायचं, हे दवाखान्यांना शिकवावं लागतं. मुंबईत वांद्र्याच्या भाभा रुग्णालयात २००० साली 'सेहत' ही संस्था आणि महापालिका यांनी मिळून 'दिलासा' केंद्र सुरू केलं ते याच कामासाठी. तालुक्याच्या दवाखान्यात असलं केंद्र कुठलं असणार. माझ्या नशिबानं तो एक डॉक्टर होता. पण नशिबावर चालणाऱ्या गोष्टीला योजना म्हणत नाहीत.

एमएलसी पोलिसांकडे गेली आणि तिथे एनसी झाली, म्हणजे अदखलपात्र. ठाण्यातले साहेब वाईट बोलले नाहीत. फक्त म्हणाले, "नवरा-बायकोचं आहे, घरी बसून मिटवा. गावात तंटामुक्ती समिती आहे ना?"

आमच्या गावाच्या वेशीवर 'तंटामुक्त गाव' असा बोर्ड आहे, अक्षरं उडालेली. २००७ साली महात्मा गांधी तंटामुक्त गाव मोहीम सुरू झाली तेव्हा गावातली भांडणं गावातच मिटवणाऱ्या गावांना लोकसंख्येप्रमाणे लाखांत बक्षीस मिळायचं. आमच्या गावालाही मिळालं होतं. बांधाची भांडणं मिटली असतील तर उत्तमच. पण तेव्हापासून गावाच्या अंगात एक भिनलंय, ठाण्याच्या रजिस्टरला गावाचं नाव लागणं म्हणजे गावाची बेअब्रू. समितीचे अध्यक्ष, पोलीस पाटील आणि मोठे दीर असे तिघं माझ्या माहेरी आले. चहा झाला. अध्यक्ष आईला म्हणाले, "वहिनी, लेकीला समजवा. घर म्हटलं की भांड्याला भांडं लागतंच." माझ्या डोक्यात वेगळंच चाललं होतं. एका खात्यानं आम्ही तोंड बंद ठेवावं म्हणून गावाला बक्षीस दिलं आणि दुसऱ्या खात्यानं आम्ही तोंड उघडावं म्हणून हेल्पलाईन काढली. दोन्ही पैसे एकाच तिजोरीतले. आमच्या ऑडिटरला दाखवलं तर तो पेन खाली ठेवून नुसता बघत बसेल.

हेल्पलाईनचा नंबर १८१. मी माहेरच्या गच्चीवरून फोन लावला. समोरच्या बाईंनी पहिला प्रश्न विचारला, "आत्ता बोलायला सुरक्षित जागी आहात का?" मग जिल्ह्याच्या गावच्या सखी केंद्राचा पत्ता दिला, मुलीला घेऊन या म्हणाल्या.

सखी वन स्टॉप सेंटरला पोचले तेव्हा मनात पडक्या धर्मशाळेसारखं काहीतरी होतं. प्रत्यक्षात दोन खोल्या स्वच्छ, खाटांवर धुतलेल्या चादरी, मुलीला दूध-बिस्किटं, मला साबण-टॉवेलची पिशवी. भिंतीवर भारत सरकारच्या महिला व बालविकास मंत्रालयाचा फलक. मी सवयीनं विचारलं, हे कुठल्या हेडमधून, म्हणजे खर्चाच्या कुठल्या खात्यातून, चालतं? तिथल्या केसवर्कर ताई हसल्या, असं विचारणारी बाई पहिल्यांदाच भेटली म्हणाल्या, पण सांगितलं त्यांनी. दिल्लीतल्या २०१२ च्या घटनेनंतर २०१३ च्या अर्थसंकल्पात एक हजार कोटींचा निर्भया निधी जाहीर झाला. त्यातून १ एप्रिल २०१५ पासून ही केंद्रं सुरू झाली, खर्च सगळा केंद्राचा. आता हे 'मिशन शक्ती'त आलंय. त्याचे दोन भाग आहेत. 'संबल'मध्ये ही केंद्रं आणि १८१, त्याचा पूर्ण पैसा केंद्राचा. 'सामर्थ्य'मध्ये शक्ती सदन वगैरे, तिथे केंद्र ६० आणि राज्य ४०.

सखी केंद्रात मुक्काम जास्तीत जास्त पाच दिवस. त्यापुढे राहायचं तर शक्ती सदन, म्हणजे पूर्वीचं स्वाधारगृह. तिथे गेले असते तर मुलीची शाळा आणि माझी नोकरी दोन्ही सुटल्या असत्या. ज्या बाईला दुसरं काहीच नाही तिच्यासाठी ते आहे आणि असायलाच हवं. पण माझ्यासारखी, नोकरी आहे, पगार आहे, कर्जाचा हप्ता जाऊन हातात थोडंच उरतं, तिला लागतं ते खोलीचं डिपॉझिट आणि पहिल्या दोन महिन्यांचं भाडं. त्यासाठी मला कुठलाच हेड सापडला नाही. संजय गांधी निराधार योजना माझ्या उत्पन्नात बसेना. मनोधैर्य योजना बलात्कार आणि ॲसिड हल्ल्यातल्या पीडितांसाठी, ती माझी नव्हे. डिपॉझिट शेवटी वहिनीनं दिलं, भिशीतले पैसे उचलून. दादाला पुढे कितीतरी दिवस माहीत नव्हतं.

सखी केंद्रातून मला पोलिसांच्या आवारातल्या विशेष कक्षात पाठवलं. महिला व बालकांसाठी विशेष सहाय्य कक्ष असं त्याचं लांबलचक नाव. टाटा सामाजिक विज्ञान संस्थेनं १९८४ मध्ये मुंबई पोलिसांसोबत पहिला कक्ष सुरू केला, मग राज्य सरकारनं तो जिल्ह्याजिल्ह्यांत नेला. पोलिसांच्या आवारात पण पोलिसांचा नाही, ही त्याची खुबी. तिथे बसलेली बाई साडीतली, टेबलावर पाण्याची बाटली आणि फायलींचा ढीग. मी त्यांना मॅडम म्हटलं, त्या म्हणाल्या ताई म्हणा. त्यांनी एकदाही 'मिटवा' म्हटलं नाही आणि 'केस कराच' असंही म्हटलं नाही. कागदावर उभी रेघ मारली. एका बाजूला 'परत गेले तर काय अटींवर', दुसऱ्या बाजूला 'नाही गेले तर काय लागेल'. हे मला एकदम पटलं, आमच्या धंद्यातलंच होतं ते. नवऱ्याला बोलावून मला त्याच्यासमोर बसवलं तेव्हा तो ताईंशी 'मॅडम, मॅडम' करत अदबीनं बोलला आणि बाहेर व्हरांड्यात येऊन मला म्हणाला, बघतो तुला. ताई दारातच उभ्या होत्या. त्यांनी आत जाऊन ते वाक्य तारीख-वेळेसकट नोंदवहीत लिहिलं.

एवढ्या कामाची ही बाई कंत्राटी. मानधन महिनोन्‌महिने थकलेलं. हे त्यांनी सांगितलं नाही, शिपाई बोलून गेला. माझं आयुष्य उभं राहिलं ते यांच्यासारख्या दोन-तीन माणसांमुळे. इमारती आणि फलक यांना निधी वेळेवर मिळतो, माणसाच्या पगाराचा हेड मात्र नेहमी मागे राहतो. ही सरकारी हिशेबातली फार जुनी खोड आहे.

आता कायद्याचं. कौटुंबिक हिंसाचारापासून महिलांचे संरक्षण अधिनियम २००५ चा, अमलात आला २६ ऑक्टोबर २००६ ला. यात संरक्षण अधिकारी नावाचं एक पद आहे. बाईनं थेट त्यांच्याकडे जायचं, त्या घरगुती घटनेचा अहवाल भरतात. सगळे त्याला डीआयआर म्हणतात. तो फॉर्म मी जन्मभर विसरणार नाही. शारीरिक, लैंगिक, तोंडी आणि भावनिक असे रकाने होते, आणि त्याखाली आर्थिक. मॅडम एकेक ओळ वाचत होत्या. घरखर्चाला पैसे न देणं. नोकरी करू न देणं. पगाराचे पैसे काढून घेणं. स्त्रीधन विकणं किंवा गहाण टाकणं. "पगाराचे पैसे काढून घेणं" या ओळीवर मी त्यांना थांबवलं आणि म्हटलं, हे छापलेलं आहे? त्या म्हणाल्या, हो, छापलेलंच आहे. इतकी वर्षं मला वाटायचं की मार हा गुन्हा आणि एटीएम कार्ड हे आमच्या घरातलं. कुणीतरी दिल्लीत बसून माझ्या नवऱ्याचं पाकीट सरकारी फॉर्मवर छापून ठेवलं होतं. मॅडमनी खूण केली, पुढे माझ्याकडून कर्जाचा नंबर, हप्त्याची रक्कम, दूध संस्थेतला खातेक्रमांक लिहून घेतला. सगळं मला तोंडपाठ. त्या म्हणाल्या, "एवढा पक्का डीआयआर क्वचित होतो हो." नोकरीत मला अशी शाबासकी कधी मिळाली नाही.

या मॅडमकडे शेजारच्या तालुक्याचाही चार्ज होता. गाडी नाही. कायदा सांगतो, कोर्टाची नोटीस संरक्षण अधिकाऱ्यानं दोन दिवसांत पोचवायची. आता दोन तालुके, वाड्या-वस्त्या, एसटी दुपारी एक आणि संध्याकाळी एक. माझा नवरा नोटीस यायच्या सुमारास बरोबर बाजाराला गेलेला असायचा. दीर म्हणायचे, "इथे राहत नाही तो." दारात टेम्पो उभा. अर्ज आल्यावर साधारण तीन दिवसांत पहिली तारीख आणि साठ दिवसांत निकालाचा प्रयत्न, असं कायद्यात लिहिलंय. माझ्या मुलीची एक इयत्ता संपली तेव्हा नवऱ्याच्या वकिलाचं वकीलपत्र दाखल झालं. मे २०२५ मध्ये सर्वोच्च न्यायालयाला राज्यांना सांगावं लागलं, की जिथे नेमले नसतील तिथे जिल्हा आणि तालुका पातळीवर संरक्षण अधिकारी सहा आठवड्यांत नेमा. कायदा लागू होऊन तोवर अठरा वर्षं उलटली होती. नेमणुका होतील, पण त्यांच्या प्रवासभत्त्याचं काय, ते मी अजून शोधतेय.

वकील फुकट मिळाला, म्हणजे खरोखर फुकट. विधी सेवा प्राधिकरण कायद्याप्रमाणे बाईला मोफत वकील मिळतो, तिचं उत्पन्न कितीही असो, दाखला लागत नाही. कोर्टाच्या आवारात तालुका विधी सेवा समितीची खोली असते, तिथे साधा अर्ज द्यायचा. (१५१०० या नंबरवरही सांगतात.) तिथल्या क्लार्कनं माझ्याकडे तहसीलदारांचा उत्पन्नाचा दाखला मागितला. मी म्हटलं, महिलांना लागत नाही. तो म्हणाला, लागतो. मी ताईंना फोन लावून दिला त्याच्या हातात. मग लागला नाही. कोर्ट फी नाही, आदेशाची प्रतही मोफत.

मग पैसे गेले कुठे? माझ्या वहीत लिहिलंय. झेरॉक्स, टायपिंग, जिल्ह्याच्या गावी जेवण, मुलीला शेजारी ठेवायचे ते, आणि सगळ्यात मोठा आकडा बिनपगारी रजेचा. तारीख म्हणजे अख्खा दिवस. साडेदहाला जाऊन बसायचं, पुकारा चारला, "साहेब रजेवर, पुढची तारीख घ्या." तो दिवस पगारातून गेला. मोफत न्याय मिळवायला बाईला रोजगार बुडवावा लागतो, हे कुणाच्याच अंदाजपत्रकात दिसत नाही.

आणि वहीत एक ओळ उलट बाजूची आहे. एसटीचं हाफ तिकीट. मार्च २०२३ पासून महिलांना एसटीत निम्मं भाडं झालं. ते काही मारहाण झालेल्या बायकांसाठी केलेलं नव्हतं, बाजाराला, लग्नाला, देवाला जाणाऱ्या सगळ्यांसाठीच आहे. पण सखी केंद्र, कक्ष, संरक्षण अधिकारी, कोर्ट, विधी सेवा अशी सगळी दारं वेगवेगळ्या गावात नि वेगवेगळ्या रस्त्यावर असताना मला ती परवडली ती त्या निम्म्या तिकिटामुळे. या सगळ्या काळात माझ्या हाताला लागलेली सरकारची सगळ्यात उपयोगी मदत कोणती असं कुणी विचारलं तर मी हीच सांगेन. तिच्यासाठी फॉर्म नव्हता. कंडक्टरला कारण सांगावं लागलं नाही. तो नुसतं म्हणायचा, "हाफ ना?"

राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीच्या पाचव्या फेरीत, २०१९ ते २१ मधल्या, हिंसा सोसलेल्या बायकांपैकी मदत मागितलेल्या फक्त १४ टक्के निघाल्या. यावर मोठी माणसं म्हणतात, जनजागृती हवी. मला वाटतं आधी बसभाडं आणि एक दिवसाचा पगार हवा. जागृत तर आम्ही रात्रभर असतोच.

प्रतिबंधाचंही असंच. हिंसा होऊच नये यासाठी काय खर्च होतो हे मी माझ्या पातळीवर पाहायला गेले. गावाला ग्रामपंचायतीच्या स्वतःच्या उत्पन्नातले १० टक्के महिला आणि बालकल्याणावर खर्च करायचे असतात, जिल्हा परिषदेलाही तसंच. जिल्हा परिषदेच्या त्या पैशातून समुपदेशन केंद्रंसुद्धा चालवता येतात. आमच्याकडे दरवर्षी शिलाई मशीन वाटतात. फोटो, हार, भाषण. ग्रामसभेत मी उठून विचारलं, यंदा १० टक्क्यांतलं काही या कामाला देता येईल का, नव्यानं लग्न झालेल्या पोरांसाठी एखादा कार्यक्रम, हायस्कूलच्या मुलामुलींसाठी काही? ग्रामसेवक भाऊसाहेब म्हणाले, "तसा प्रस्ताव आलेला नाही." मी म्हटलं, हा आला. प्रोसिडिंगला लिहून घ्यायला लावलं. खर्च पडला का? नाही. पण वहीत तरी आहे. मागून कुणीतरी हसलं, तेही ऐकलं मी.

शेवटी नवरा कोर्टात आला. त्याला मालमत्ता आणि दायित्वांचं प्रतिज्ञापत्र द्यावं लागलं. सर्वोच्च न्यायालयाच्या नोव्हेंबर २०२० च्या एका निकालापासून, रजनेश विरुद्ध नेहा, पोटगीच्या प्रकरणात दोन्ही बाजूंनी ते द्यावंच लागतं. त्यानं लिहिलं: शेतमजुरी, महिना आठ हजार, टेम्पो भावाचा, जनावरं आईची. वाचताना मला हसू आलं, आणि वकीलबाई घाबरून माझ्याकडे बघायला लागल्या. मी घरी येऊन माझा फोन काढला. दुधाचं कार्ड भरलं की त्याचा फोटो काढून ठेवायची माझी सवय. संस्थेच्या सचिवांशी बेरजेवरून एकदा वाद झाला होता तेव्हापासूनची. कितीतरी महिन्यांचे फोटो निघाले: सकाळ-संध्याकाळ लिटर, फॅट, दर, कपात. वर त्याचं नाव आणि खातेक्रमांक. वकीलबाईंनी संस्थेकडून खातेउतारा मागवायचा अर्ज दिला. सचिव कोर्टात आले तेव्हा माझ्याशी नजर मिळवेनात. गावात राहायचंय त्यांना. पण उतारा शिक्का मारून पूर्ण आणला होता.

अंतरिम आदेश झाला. मला आणि मुलीला मिळून दरमहा साडेसात हजार, खोलीभाड्याचे अडीच हजार वेगळे, तेही अर्ज केल्याच्या तारखेपासून. माझा पगार न्यायालयानं हिशेबात धरला, आणि म्हशींच्या कर्जाचा हप्ताही धरला. तो दायित्वाच्या रकान्यात मी पहिल्या क्रमांकावर लिहिला होता. संरक्षण आदेशही झाला. तो मोडला तर एक वर्षापर्यंत कैद किंवा वीस हजारांपर्यंत दंड, किंवा दोन्ही. तेव्हापासून पतसंस्थेसमोर टेम्पो उभा राहायचा बंद झाला.

पैसे मात्र आले नाहीत. एकदा थोडे आले, मग नाहीत. वकीलबाई म्हणाल्या, नोकरदार असता तर पगारातूनच कापायला लावलं असतं, याला कुठला पगार! मी विचारलं, कलमात काय लिहिलंय नक्की? त्यांनी कलम २० काढलं, पोटकलम ६. पैसे चुकवले तर दंडाधिकारी सामनेवाल्याच्या मालकाला किंवा ऋणकोला, म्हणजे जो त्याचे पैसे देणं लागतो त्याला, सांगू शकतात, की त्याला द्यायची रक्कम परस्पर बाईला द्या किंवा कोर्टात भरा. मी म्हटलं, बाई, दहा दिवसांचं दूध संस्थेनं घेतलं आणि बिल अजून दिलं नाही, तर त्या दहा दिवसांपुरती संस्था त्याची ऋणकोच की! त्या पुस्तकावरून वर बघत राहिल्या, मग म्हणाल्या, "अर्ज टाइप करू या."

समोरच्या वकिलानं बरंच काही बोलून पाहिलं. दूध आईच्या म्हशींचं, संस्था या वादात पक्षकार नाही, असं सगळं. पण खातं त्याच्या नावाचं आणि उतारा कोर्टाच्या फाईलमध्ये. आदेश निघाला आणि संस्थेला गेला. आता दर बिलातून ठरलेली रक्कम कापून परस्पर माझ्या बँक खात्यात येते. खात्याचं एटीएम कार्ड माझ्या पाकिटात. थकबाकी वेगळी आहे, ती फिटायला वेळ लागेल.

त्यानं चिडून मधे काही दिवस खाजगी डेअरीला दूध घातलं. पण संस्थेला सलग वर्षभर दूध घातलं तरच दिवाळीचा फरक मिळतो, आणि सासूबाईंचा जीव फरकात. त्यांनीच त्याला परत संस्थेकडे वळवलं, असं शेजारणीकडून कळलं. माझ्यासाठी केलं नाही त्यांनी, हे मलाही कळतं. वहीत मी कारण लिहीत नाही, जमा लिहिते.

मूळ अर्जाचा निकाल अजून बाकी आहे. स्त्रीधनाचा मुद्दाही त्यातच आहे. फरक हीसुद्धा संस्थेकडून त्याला येणं असलेली रक्कम आहे, तेव्हा थकबाकीपोटी त्यातूनही कपात व्हावी, असा अर्ज वकीलबाईंनी मागच्या तारखेला दाखल केलाय. त्यावर सामनेवाल्याचं म्हणणं यायचंय.